बैलजोडीच्या बदल्यात आलेलं घड्याळ

दादा गेल्यानंतर त्याचं कपाट आवरताना जमिनीचे कागद, तीन जुने चष्मे, बैलांच्या शिंगांवर चढवायच्या पितळी शेंब्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ निघालं. वहिनींनी बाकीचं सगळं जागच्या जागी ठेवलं आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.

"भाऊजी, तुम्ही शिकलेले. याचं खरं-खोटं काय ते एकदा करून आणा. खरं निघालं तर त्यांना जाऊन सांगा. खोटं निघालं तर येताना प्रवरेत टाका. घरात नको."

'त्यांना' म्हणजे दादाच्या शाळेपासूनच्या मित्राला. दहाव्याला तो कोल्हारहून आला होता. घाटाच्या कडेला, माणसांपासून थोडा लांब उभा होता. दादाचा बाजारातला एक सोबती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या, घड्याळवाले! आज तरी चालू हाय का?" दोघेचौघे हसले आणि कुठे उभे आहोत ते आठवून गप्प झाले. मित्र जेवायला थांबला नाही. सात वर्षं तो बाजारात याच नावाने ओळखला जात होता. खोटं घड्याळ देऊन बैलजोडी नेणारा.

दादा हेडी होता, म्हणजे बैलांचा व्यापारी. घोडेगावचा बाजार त्याने कधी चुकवला नाही. मी संगमनेरला कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. सुट्टीला गावी जायचो आणि ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचो. मित्राने आखातात समुद्रातल्या तेलाच्या कामावर पाणबुड्या म्हणून वीस वर्षं काढली होती. कानाला इजा झाली, तेव्हा तो कायमचा परत आला आणि कोल्हारला मामाची शेती कसू लागला. त्याला दादाची एक खिल्लार जोडी हवी होती. ती पैशाला द्यायला दादा तयार नव्हता. दादाची नजर मित्राच्या मनगटावर होती.

सौदा आमच्या ओट्यावर झाला, बाजारात होतो तसाच. दोघांनी उपरण्याखाली हात घातले आणि भाव ठरवताना धरतात तशी बोटं धरली. वास्तविक मोजायला काही नव्हतंच. जोडीला घड्याळ, एवढंच होतं.

"कापडाखाली काय चाचपतोय?" मित्र म्हणाला. "घड्याळ वर हाय."

"सवय हाय. दात दाखव त्याचे."

"दात न्हाईत त्याला. पन शेपूटबी हालवत न्हाई नि लाथबी मारत न्हाई. तुझ्या बैलांवानी न्हाई."

दादाने घड्याळ तळहातावर तोललं, बोटाने काचेभोवतीचं कडं फिरवून पाहिलं. ते एकाच बाजूला फिरत होतं, उलटं फिरत नव्हतं. पाणबुड्याला पाण्याखाली किती वेळ झाला हे कळावं आणि चुकून धक्का लागला तरी जास्त वेळ शिल्लक आहे असं दिसू नये, म्हणून ते तसं असतं, असं मित्राने सांगितलं. सेकंदाचा काटा टकटक न करता सरकत होता. दादाला हे सगळं आवडलं. त्याने जोडी सोडून मित्राच्या हवाली केली.

आमच्याकडे बैल घेतला की आठ दिवस त्याची परीक्षा असते. नांगराला जुंपतात, भरल्या गाडीला लावतात. खोड निघाली तर विकणारा तोंडातून शब्द न काढता जनावर परत घेतो. बैलाची परीक्षा ओझ्याने होते, तर पाण्याच्या घड्याळाची पाण्याने व्हायला हवी, असं दादाने ठरवलं. ते चार मिनिटं मागे होतं. "परीक्षेच्या आधी टाइम लाव रं," म्हणून त्याने ते मला दिलं, आणि तबकडीवरचं इंग्रजीही वाचायला सांगितलं. मी ते वाचलं आणि तीनशे मीटर पाण्यात चालेल असं सांगितलं. बाजूची चावी नुसती ओढून येईना. ती आधी फिरवून सैल करावी लागली. वेळ लावली, चावी आत दाबली, घड्याळ परत दिलं आणि पुस्तकाचं पान शोधलं.

दादाने बैलाच्या तोंडाला बांधायच्या मुसक्यात घड्याळ आणि एक दगड घातला आणि ते कासऱ्याने विहिरीत सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर काढलं तेव्हा काच आतून धुरकट झाली होती आणि काटे थांबले होते.

तो तडक कोल्हारला गेला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. एवढंच कळलं की मित्राने घड्याळ परत घेतलं नाही, दादाने जोडी परत मागितली नाही आणि दोघं पुन्हा बोलले नाहीत. बाजारात मात्र दादाने सांगितलं. हेड्याचं सांगणं बाजारात लवकर फिरतं.

वहिनींनी दिल्यानंतर दोन आठवडे घड्याळ माझ्या टेबलावर पडून होतं. मग नगरच्या बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. दुकान एका माणसापुरतं होतं. त्याने आधी घड्याळ उघडलं नाही. पट्टा काढून त्याखाली घड्याळावर कोरलेला क्रमांक भिंगाने पाहिला, तबकडीवरच्या अक्षरांच्या कडा पाहिल्या, कडं कानाजवळ धरून फिरवलं.

"नक्कल करणारे वजन आणतात, सर. अक्षरं नाही आणत," तो म्हणाला. मग मागचं झाकण उघडलं. आत तांबूस गंज होता. त्याने गंजाखालचे शिक्के पाहिले आणि डोळ्याचं भिंग काढलं.

"अस्सल आहे. कुणाचं आहे?"

"भावाचं. मग पाणी कसं गेलं?"

त्याने चावी धरून दाखवली. ती आत दाबलेली होती, पण दोन बोटांत डुगडुगत होती. "ही नुसती दाबायची नसते. दाबून फिरवायची, झाकणासारखी आवळायची. कुणीतरी वेळ लावली आणि आवळली नाही. मग तीनशे मीटर काय, बादलीसुद्धा पुरते."

मी किंमत विचारली. चालू असतं तर त्यात खिल्लारच्या दोन जोड्या आल्या असत्या, असं त्याच्या आकड्यावरून निघालं. म्हणजे सौद्यात फसलं असेल कुणी तर तो मित्र होता, आणि त्याला ते सौद्याच्या दिवशीच माहीत असणार. दुरुस्तीला आतलं जवळजवळ सगळं बदलावं लागलं असतं. मी राहू द्या म्हणालो.

नगरहून परत जाताना मी कोल्हारला उतरलो. मित्र गोठ्यात होता. जोडीतला एकच बैल उरला होता, तोही म्हातारा. मी उभ्यानेच सांगितलं: घड्याळ खरं आहे, चावी मी सैल ठेवली होती.

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझा दादा घड्याळ घिऊन आला, त्या दिवशी म्या बघितली व्हती चावी. त्याला इचारलं, कुनी फिरवली? तर म्हनला, कुनीच न्हाई. हातबी लावला न्हाई कुनी. मंग म्या काय बोलनार? हात न लावता चावी सुटली, तर घड्याळ खोटंच की."

मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"ऱ्हाऊ दे. सौदा झालाय. जोडी राबवली म्या."

दादा तसं का म्हणाला हे मला माहीत नाही. तो वेळ लावून घेतल्याचं विसरला असेल. किंवा विसरला नसेल, आणि त्याच्या शिकलेल्या भावाकडून चूक झाली हे त्याला दुसऱ्यापुढे म्हणायचं नसेल. सकाळी घड्याळ विहिरीतून वर काढलं तेव्हा मी ओट्यावरच होतो. त्याने मला विचारलं नाही, आणि मीही उठून काही सांगितलं नाही.

"बाजारात सांगशील?" मित्राने विचारलं.

"सांगतो."

"तुझं नाव घिऊन?"

"हो."

पुढच्या बाजाराला मी घोडेगावला गेलो. दादाशिवाय तिथे जायची ती माझी पहिली वेळ. दहाव्याला बोललेला तो सोबती चहाच्या टपरीवर होता. भोवती आणखी पाच-सहा हेडी होते. मी घड्याळ बाकावर ठेवलं आणि घड्याळजीने दाखवलं तसं चावी फिरवून दाखवलं. सगळं एकदाच सांगितलं. बैलाची खोड ऐकतात तसं त्यांनी ते ऐकलं.

शेवटी त्या सोबत्याने घड्याळ उचलून तळहातावर तोललं. "म्हंजे माल चोख व्हता. हाकनाराच कच्चा." त्याने ते माझ्या हातात दिलं आणि टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "घड्याळवाल्या मास्तरला एक चहा दे रं."

सगळे हसले. मी चहा घेतला.