पायाकडची जागा

आम्ही दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी नाशिकहून गावी जायचो. गाव म्हणजे आईचं माहेर, वसईजवळ, नायगावच्या खाडीच्या अंगाला, मिठागरांजवळ. चौथीपर्यंत मीही तिथंच वाढले. पप्पांना सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नाशिकला गेलो. त्यानंतर गाव वर्षातून एकदाच.

शाळेत मैत्रिणी विचारायच्या, दिवाळीच्या सुट्टीत कुठं जाणार? मी 'गावी' एवढंच सांगायची. पुढचं सांगायला लाज वाटायची, कारण आमची ही दर वर्षीची सहल एका कबरीसाठी होती. आम्हा कॅथलिकांत दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो. आदल्या दिवशी लोक आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात, माती सारखी करून फुलं मांडतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दफनभूमीतच मिस्सा, म्हणजे सगळ्यांची एकत्र प्रार्थना, होते. मग फादर रांगेरांगेतून पवित्र पाणी शिंपडत जातात आणि ज्याचं त्याचं कुटुंब आपल्या कबरीशी मेणबत्त्या लावून उभं राहतं. आम्ही आजीच्या कबरीशी उभे राहायचो.

जव्हारच्या घाटात माझी धाकटी बहीण हटकून ओकायची. आई मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडू सांभाळत बसलेली असायची. मामा दर वर्षी त्यावरून चिडवायचा. "वसईला फुलं घेऊन येते ही. उद्या मिठागरावर मीठ घेऊन येशील."

"माझ्या आयला माझ्या पैशाची फुलं," आई म्हणायची. "तुझं काय जातं?"

मामाकडे जायच्या आधी आई पिशव्यांसकट दफनभूमीत जायची. आमचं कौलारू घर तोवर राहिलं नव्हतं. त्या जागी बिल्डिंग झाली होती आणि मामाला तिच्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथं आई पाहुणीसारखी बसायची, सोफ्याच्या कडेला. पाणी हवं असलं तरी मामीला विचारायची. कबरीशी मात्र तिला कुणाला काही विचारावं लागत नसे. पदर खोचून ती बादलीभर पाणी आणायची, मातीचा उंचवटा हातानं लिंपायची, विटांच्या कडेला चुना लावायची. तोंडानं आजीशी बोलणं चालू असायचं. मोठी नापास होता होता वाचली. धाकटी ऐकत नाही. यांना कंपनीत पगारवाढ नाही. मी आणि बहीण तोंड दाबून हसायचो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, म्हणून त्या वर्षी आई आजीला तेच पुन्हा पुन्हा सांगत होती. "आय, ही आता मोठमोठी पुस्तकं वाचते. मला त्यातलं काय कळत नाय." मला अवघडल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात मामा आला. एरवी तो लांबूनच चिडवत यायचा, या वेळी नाही. जवळ येऊन उभा राहिला आणि आईला म्हणाला, "बाय, हात धू जरा."

"का?"

"कोपऱ्यावरची म्हातारी गेली. दुपारी."

कोपऱ्यावरची म्हातारी म्हणजे आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर राहणारी. आजीचं आणि तिचं उभ्या जन्माचं भांडण होतं. विहिरीवर पहिली घागर कुणाची यावरून ते सुरू झालं. पुढं विहीर बुजली, नळ आले, तरी भांडण तसंच राहिलं. चर्चमध्ये दोघी एका बाकावर बसत नसत.

आईनं क्रूसाची खूण केली. "देव तिला शांती देवो," म्हणाली आणि परत चुन्याच्या डब्यात हात घातला.

"बाय, ऐकून तरी घे. जागा नाय दुसरी. ही रांग भरली. आता फिरून सुरुवातीपासून येनार. फादरनी मला बोलावलेलं. आयचा नंबर हाय."

मी हे आधी सांगायला हवं होतं. आमच्या दफनभूमीत ज्यांनी कायमची जागा घेतलेली नाही त्यांच्या कबरी पाच-सहा वर्षांनी पुन्हा उघडतात; आजीला जाऊन सहा वर्षं झाली होती. गाव वाढलं, जागा तेवढीच राहिली. आधीच्या माणसाचं जे काही उरलेलं असेल ते पांढऱ्या कापडात बांधतात. एकतर ते कोपऱ्यातल्या हाडांच्या विहिरीत सोडतात, नाहीतर त्याच खड्ड्यात पायाकडच्या बाजूला खोल पुरतात आणि वर नवी शवपेटी ठेवतात. यातलं काय करायचं ते घरच्यांनी सांगायचं असतं. हे सगळ्यांना माहीत असतं. आईलाही माहीत होतं. पण ज्याच्या त्याच्या घरी ते दुसऱ्यांच्याच बाबतीत होणार असतं.

"उद्या मृतांचा दिवस हाय," आई म्हणाली. "उद्याचा दिवस जाऊ दे. परवा उघडा."

"म्हातारी काय परवापर्यंत थांबनार? पोरं आलीत तिची. सकाळी दहाला आनतील."

"मग संध्याकाळी मी कुठं उभी राहू?"

मामा वाईट माणूस नाही. त्याला गप्प राहणं जमत नाही एवढंच. तो म्हणाला, "खालीच ठेवली तर दोघी एकावर एक. रोज भांडन."

आईनं चुन्यानं भरलेला हात तसाच उगारला. मग खाली घेतला. पप्पा म्हणाले, "अगं, त्याच्यावर काय चिडतेस? त्याच्या हातात आहे का?" आईनं अर्धी राहिलेली कड चुन्यानं पूर्ण केली, पार टोकापर्यंत. आम्ही चौघं उभं राहून बघत होतो. सकाळी उकरली जाणार असलेली कबर ती रंगवत होती आणि तिला थांबवायचं कुणाच्या मनात आलं नाही, किंवा आलं असेल तरी धीर झाला नाही. माझा तरी झाला नाही.

रात्री मामीनं जेवायला वाढलं. आईनं भात चिवडला. मामीनं मला हळूच विचारलं, "तुझ्या आईला समजावशील का? शिकलेली आहेस तू." काय समजवायचं ते मला कळलं नाही.

सकाळी कबर उघडताना सहसा बायका जात नाहीत. आई गेली. मामा नको म्हणत होता. मग मीही तिच्याबरोबर गेले. खाडीवरून वारा येत होता. खणणारे दोघे जण होते. त्यांनी आधी फुलं बाजूला काढली, मग आजीच्या नावाचा लाकडी क्रूस हलवून हलवून उपटला आणि भिंतीला टेकवून ठेवला. तिथं आधीच बरेच जुने क्रूस उभे होते. काहींवरची नावं पुसली होती. विटांना लागलेला चुना अजून पुरता सुकला नव्हता, खणणाऱ्यांचे हात पांढरे झाले.

आमच्याकडची माती खारट. थोडं खणलं की पाणी लागतं. पेटीच्या फळ्या मऊ होऊन मातीत मिसळल्या होत्या. मी लांब उभी होते, मला जास्त काही बघायचं नव्हतं. पण एकानं फावड्यानं काहीतरी वर उचललं आणि ते चिखलातून हिरवं दिसलं. साडीचा काठ होता. नायलॉनची साडी. बाकी सगळं गेलं होतं आणि काठाचा हिरवा रंग मात्र दुकानात असावा तसा होता.

"ती मी आणलेली," आई म्हणाली. "नाशिकहून. सुती घे म्हटलं तर नको म्हणाली. ही लवकर वाळते म्हणाली."

खणणाऱ्यानं तो तुकडा पांढऱ्या कापडात ठेवला. बाकी जे सापडलं तेही. आईनं पुढं होऊन स्वतः गाठ मारली. बोचकं फार लहान झालं. मला वाटलं होतं त्याहून खूप लहान.

"विहिरीत ना?" मामानं विचारलं. त्यानं आधीच विहिरीचं सिमेंटचं झाकण सरकवून घेतलं होतं. आई विहिरीपाशी गेली आणि तिनं वाकून आत बघितलं. आत काय दिसलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बराच वेळ ती तशीच वाकलेली होती. मामा म्हणाला, "बाय, लोक येतील आता."

"खालीच राहू दे," आई म्हणाली. "पायाकडं."

"तिच्या खाली?"

"हा."

त्यांनी पायाकडच्या बाजूला आणखी खोल खणून बोचकं ठेवलं आणि माती लोटली. दहाच्या सुमारास कोपऱ्यावरच्या म्हातारीला आणलं. खूप माणसं होती. ती फार आजारी असल्याचं कळून तिचे दोन मुलगे आधीच आखाती देशातून आले होते. म्हातारीची मुलगी आईच्याच वयाची, लहानपणी दोघी एका वर्गात होत्या. दोघींच्या आया बोलत नव्हत्या म्हणून यांनाही उघड बोलता येत नसे, शाळेच्या वाटेवर चिंचा खात बोलायच्या. आईनं रीतीप्रमाणे मूठभर माती टाकली. ती माती नेमकी कुणासाठी टाकली, हे मी तिच्या तोंडावरून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

संध्याकाळी मिस्सा झाली आणि लोक आपापल्या कबरींकडे पांगले. सगळीकडे मेणबत्त्या लागल्या. आमच्या, म्हणजे आता त्यांच्या, कबरीवर ताज्या मातीचा मोठा ढीग होता. त्यावर फुलांची चक्रं. भोवती त्यांची सगळी माणसं. आम्ही दोन रांगांमधल्या वाटेवर उभे राहिलो. बहिणीच्या हातात झेंडूची पिशवी होती. येणारे-जाणारे आम्हाला "जरा बाजूला" म्हणत होते आणि आम्ही बाजूला होत होतो.

म्हातारीच्या मुलीनं आईला बघितलं. रडून तिचे डोळे सुजले होते. "अगो, तिथं काय उभी? ये इकडं."

आईनं मानेनं नको म्हटलं.

"ये गो. तुझी आय पन हाय ना इथं. मला काय माहीत नाय का?"

मग आई गेली. एकटीच. मुलीनं आपल्या भावाला कोपरानं सरकवलं आणि पायाकडची फुलं उचलून तळहाताएवढी माती मोकळी केली.

"पुरे?"

"पुरे," आई म्हणाली.

तिनं मेणबत्ती तिथं रोवली. फादर आले, पाणी शिंपडलं, पुढं गेले. दोघी शेजारीशेजारी उभ्या होत्या. परतीच्या वाटेवर आई पप्पांना म्हणाली, "बरं झालं विहिरीत नाय टाकली." पप्पांनी हुंकार दिला. मला वाटलं, मिटलं. आईला जागा मिळाली.

पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा त्या कबरीवर लाद्या बसवल्या होत्या. म्हातारीच्या मुलांनी तिकडे परत जाण्यापूर्वी जागा कायमची करून घेतली होती. काळी, गुळगुळीत फरशी. डोक्याकडे म्हातारीचा फोटो आणि सोनेरी अक्षरात नाव. पायाकडं फरशी पार वाटेपर्यंत आलेली. त्यांनी काही चूक केली असं मी म्हणणार नाही. आपल्या आईसाठी कुणीही करील. म्हातारीची मुलगी त्या वर्षी आली नव्हती, तिचं कसलं तरी ऑपरेशन झालं होतं. फरशीशी तिच्या वहिन्या उभ्या होत्या. त्यांना आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं.

आईनं वाकून फरशीच्या कडेला, वाटेच्या मातीत, मेणबत्ती लावली. कुणाचा तरी पाय लागून ती आडवी झाली. तो माणूस सॉरी म्हणाला. आईनं ती पुन्हा लावली. वाऱ्यानं विझली. मग तिनं ती पेटवून हातातच धरली. एका हाताचा आडोसा करून ती फादर येऊन जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मेण तिच्या बोटांवरून खाली येत होतं. मी म्हटलं, "आई, माझ्याकडे दे." तिनं दिली नाही. आणि त्या संध्याकाळी ती आजीशी एक शब्दही बोलली नाही. मी मुद्दाम कान देऊन होते.

त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबर संपत आला तरी आईनं एसटीचं नाव काढलं नाही. पप्पांनी एकदा विचारलं, "तिकिटं काढू का?"

आई कणीक मळत होती. "हिची परीक्षा आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हिचा अभ्यास बुडेल. या वर्षी राहू दे."

माझी परीक्षा आदल्या आठवड्यात संपली होती. शेवटच्या पेपरच्या दिवशी आईनंच मला दही-साखर दिली होती. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन टेबलावर पुस्तक उघडलं आणि वाचत बसले.