काळ्या पडद्यापुढचं गाऱ्हाणं

कॉम्प्युटरला गाऱ्हाणं घालणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला असेल, आणि तो नाहूरला आमच्या समोरच्या दारात राहायचा. आम्ही सगळे त्यांना नुसतं काका म्हणायचो. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, आणि जन्म मुंबईत काढूनही मालवणी जशीच्या तशी. काकू गेल्या त्याच वर्षी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरनंही मान टाकली. चित्रं, खिडक्या सगळं गेलं. उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. दुकानदार म्हणाला, सगळं पुसून नवीन टाकू. काकांनी त्याला जवळजवळ जिन्यावरून ढकललंच, कारण आत काकूंचा आवाज होता. परदेशातल्या सुनेसाठी त्यांनी पाककृती बोलून ठेवल्या होत्या, पण पाठवायच्या राहूनच गेल्या.

मी पोटासाठी कॉम्प्युटरचंच काम करतो. "पाच मिनिटांत काढून देतो," म्हटलं तर काका उखडले. "तिचा सामान मीच उचलतलंय. तू फक्त मंत्र सांग." मग काय, रोज संध्याकाळी आमची शिकवणी. पहिल्याच दिवशी पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरं उमटेनात, तेव्हा ती आत पोचावीत म्हणून काकांनी पासवर्ड मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना तो अजून पाठ आहे. दुसरी पंचाईत मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांची. आज्ञेचं पहिलं अक्षर ते मानानं मोठं काढायचे आणि यंत्र ‘अशी आज्ञाच नाही’ म्हणून झिडकारायचं. "देवाक बारक्या अक्षरात हाक मारू?" ते भडकून विचारायचे. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, एक जण मागणं मांडतो आणि बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात, ती सगळी पद्धत त्यांनी इथे लावली होती. पण हे यंत्र काम बिनबोभाट झालं तर अवाक्षर बोलत नाही. हे काकांना फारच लागायचं. "मेल्या, हूं तरी म्हण!" शेवटी यंत्राच्या वतीनं ‘होय म्हाराजा’ म्हणायची ड्युटी माझ्याकडे आली. मी ती इमानेइतबारे केली.

pwd ही त्यांची सगळ्यात लाडकी आज्ञा. आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते ती सांगते. काका तिला ‘मी खंय आसंय’ म्हणायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारून घ्यायचे. गाडी अडली ती शेवटच्या धड्याला. बाहेर पडायला exit लिहा, म्हणजे ‘जा’, असं मी सांगितलं आणि त्यांचा हात थबकला. "भरल्या घरातून ‘जातंय’ म्हणतत? ‘येतंय’ म्हणूचा." तीन दिवस तो कॉम्प्युटर चालूच राहिला. मी हसत होतो, चेष्टाही केली. तेव्हा ते हळूच म्हणाले, "ती पण हॉस्पिटलात जाताना दारातसून ‘येतंय’ म्हणान गेली." मला स्वतःची लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी इंग्रजी अक्षरांत ‘yetay’ अशी नवी आज्ञा बनवून दिली. ती लिहिली की exit लिहिल्यासारखंच व्हायचं.

अखेर एका रविवारी काकांनी एकेक अक्षर बोटानं हुडकत काकूंच्या सगळ्या फाइल्स पेन ड्राइव्हवर उतरवल्या. यंत्र गप्प. मी म्हटलं, "होय म्हाराजा." पहिली फाइल, सोलकढीची, त्यांनीच लावली. "सोलां आधी भिजत घाल गो बाय," काकू सुनेला सांगत होत्या. मधेच रेकॉर्डिंगमध्येच मागून काकांचा आवाज आला, "चाय झाली काय गो?" आणि काकू म्हणाल्या, "ह्यांका जरा म्हणान धीर नाय." काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग कीबोर्ड ओढून त्यांनी pwd लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं, त्यात ‘home’ हा शब्द होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "घरातच आसंय."

गेल्या महिन्यात काका कायमचे गावी गेले. गुडघ्यांना जिने झेपेनात. रिक्षात सामान चढवून झालं, कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. पुन्हा नाहूरला यायचे नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. रिक्षा सुरू झाली तसे ते बाहेर वाकले आणि म्हणाले, "येतंय रे."

ड्युटी ती ड्युटी. मी म्हटलं, "होय म्हाराजा."