घसरत्या सीटवरचा ऑर्व्हिल

ऑर्व्हिल पेनरचे वजन एकशे बत्तीस पौंड होते, आणि त्यातले निम्मे तरी प्रत्येक वळणावर गाडीच्या दारावर जाऊन आदळत असे.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, त्याच्या भागात, महिन्यातून एका रविवारी जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडून गाड्या पळवतात. एका वेळी एकच गाडी, आणि शर्यत घड्याळाशी. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. पळवणारे सगळे आपापल्या कामधंद्याचे साधे लोक. एक दाताचा डॉक्टर, एक शाळेच्या बसचा चालक, दोन शेतकरी, एक पाद्रीसुद्धा. पाद्र्याचे शंकू सर्वांत जास्त पडत, आणि प्रत्येक वेळी तो हेल्मेटच्या आत काय म्हणतो याबद्दल क्लबात मतभेद होते.

ऑर्व्हिल या मंडळीत आला तो सहासष्टाव्या वर्षी, दुकान पुतण्याच्या हवाली केल्यावर. त्याआधी एकेचाळीस वर्षे त्याने गावातले सोफे आणि खुर्च्या मढवल्या होत्या. नाटकगृहातल्या खुर्च्या त्याच्या, बँकेतल्या त्याच्या, चर्चमधल्या बाकांच्या गाद्याही त्याच्याच. निम्म्या गावाला बसायला ऑर्व्हिलने शिकवले, असे त्याची बायको आर्डिथ म्हणे. त्याची एक पद्धत होती. कागदावर लिहून दिलेले माप तो कधी घेत नसे. गिऱ्हाइकाने येऊन बसायचे, हलायचे नाही, आणि ऑर्व्हिल त्याच्या पाठीभोवती, मांड्यांभोवती खडूने रेघ ओढणार. एकदा जिल्ह्याच्या न्यायाधीशांना त्याने वीस मिनिटे तसे बसवून ठेवले होते. त्यांना शिंक आली, तेव्हा रेघ पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

निवृत्तीनंतर त्याने दोनच माणसे मावतील अशी एक छोटी निळी जुनी गाडी घेतली. घरी आणल्या आणल्या दोन्ही सीटा काढून दुकानातल्या टेबलावर ठेवल्या. एकीत आर्डिथला बसवून त्याने खडूची रेघ ओढली. दुसरीत तो स्वतः बसला आणि आर्डिथने ओढली. तीन आठवडे खपून त्याने दोन्हींवर तपकिरी चामडे चढवले, कडेचे लोड भरले, दुहेरी टाके घातले. सीटा पुन्हा गाडीत बसल्या तेव्हा क्लबातले लोक दार उघडून नुसते बघत राहिले. दर शनिवारी ऑर्व्हिल त्या सीटांना चामड्याचे क्रीम चोळी. त्यांच्यात पाहून दाढी करता येईल इतक्या त्या चकाकत.

आणि तितक्याच घसरड्या.

"ऑर्व्हिल, स्टिअरिंग वळवायला असतं बाबा, लोंबकळायला नाही," क्लबाचा प्रमुख व्हर्लिन स्टकी त्याला म्हणे. व्हर्लिन मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस होता. घड्याळ त्याच्या ताब्यात असे. "डावीकडे वळलास की तू उजव्या दाराकडे निघतोस, उजवीकडे वळलास की डावं दार. अरे, गाडीच्या आत तुझी वेगळी शर्यत चाललेली असते!"

"सीटमध्ये काही दोष नाही," ऑर्व्हिल सांगे. "माझं माप चुकत नाही."

"मग तू चुकत असशील."

या मे महिन्यात आर्डिथनेही हेल्मेट घातले. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे काढली होती. बांधा भरदार, हात पिठाच्या पोत्यासारखे भक्कम. दोन वर्षे घडीच्या खुर्चीत बसून नवऱ्याची वाट बघण्याचा तिला कंटाळा आला होता. "तसंही ऊन खायचंच आहे, तर गाडीत बसून खाते," म्हणाली. पहिल्याच दिवशी तिने ऑर्व्हिलला दीड सेकंदाने मागे टाकले. त्याच गाडीत, त्याच सीटवर. साच्यात घातलेल्या पावासारखी ती त्या सीटमध्ये बसे आणि कितीही वळणे आली तरी हलत नसे.

"वजनाचा भाग आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "जड माणूस घसरत नाही."

"हे तू प्रेमाने म्हणालास असं मी धरते."

घरात एक जुना नियम मात्र कायम राहिला. रस्त्यावर गाडी ऑर्व्हिलच चालवणार. आर्डिथ शेजारी बसून कुरकुर करी, "या बाजूची सीट मला काखेत चावते रे." ऑर्व्हिल म्हणे, "नवीन आहे. सैलावेल." दोन वर्षे तो हेच सांगत होता.

ऑगस्टच्या शेवटी व्हर्लिनने ऑक्टोबरातल्या सामन्याची घोषणा केली. शेजारच्या क्लबाविरुद्ध पाच गाड्या, पाच चालक, पाठीवर नाव लिहिलेले निळे शर्ट. चार जण ठरले होते. पाचवी गाडी पेनरांची, पण एका गाडीत चालक एकच. सप्टेंबरच्या रविवारी दोघांपैकी ज्याची वेळ कमी येईल, तो जाणार.

ऑर्व्हिलने तो शर्ट मनात केव्हाच घातला होता. एकेचाळीस वर्षे त्याने इतरांना बसवले, त्यांच्या पाठी मोजल्या. त्याच्या पाठीवर मात्र कधी कोणी काही लिहिले नव्हते. हे त्याने कोणाला सांगितले नाही, पण त्या आठवड्यात त्याने आर्डिथला तीनदा विचारले, निळा रंग आपल्याला शोभतो का.

मग उपाय सुरू झाले. पहिल्या दिवशी कॉर्डरॉयची पँट. ती चामड्याला धरून राही, पण आतला ऑर्व्हिल पँटमधल्या पँटमध्ये फिरे. मग फडताळातल्या बशांखाली घालतात तो जाळीचा रबर. तो त्याने सीटवर अंथरला आणि अंगणात गाडी फिरवून पाहिली. उतरला तेव्हा रबर त्याच्या मागे चिकटून आला, आणि शेजारच्या मिसेस युंट्झ कुंपणावरून बघत असताना तो तसाच घरात गेला.

"आधी ते क्रीम चोळणं थांबव," आर्डिथ म्हणाली.

"चामड्याला तडे जातील."

"मग तुझ्या बरगड्यांना जाऊ दे."

सप्टेंबरचा रविवार उजाडला तो स्वच्छ, हलका वारा असलेला. रिवाजाप्रमाणे दोन पाळ्या होत्या. सकाळी ऑर्व्हिल चालवणार आणि आर्डिथ मैदानात शंकू उचलणार. दुपारी उलट. प्रत्येकाला चार फेऱ्या.

ऑर्व्हिलची पहिली फेरी पन्नास सेकंद नव्वद. दुसरी पन्नास वीस. दुसऱ्या फेरीत तो एका वळणावर इतका सरकला की ब्रेकवरचा पाय निसटला. परतला तेव्हा व्हर्लिन खिडकीत वाकला.

"ऐक. सीट पार मागे सरकव. पट्टा लाव. आता पट्ट्याला जोरात झटका दे. अडकला? धरून ठेव. आता सीट पुढे घे. पुढे, अजून पुढे. पट्टा आवळला की नाही?"

"व्हर्लिन," ऑर्व्हिलचा आवाज बारीक झाला होता, "श्वास कुठून घ्यायचा?"

"पन्नास सेकंदांचा प्रश्न आहे. नंतर घे."

सीट एक खाच जास्तच पुढे आली होती. ऑर्व्हिलचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना आणि कोपरे बरगड्यांत शिरली होती. पण गाडी सुटली आणि पहिल्यांदाच तो जागचा हलला नाही. फक्त डावीकडे वळताना त्याचे कोपर हॉर्नवर दाबले जाई. मैदानभर पीं ऐकू आले. मग पुन्हा पीं. लांबच्या वळणावर तर पींऽऽऽ असे ऐकून आर्डिथ शंकू हातात घेऊन बाजूला पळाली.

"अठ्ठेचाळीस साठ!" व्हर्लिन ओरडला. "बदकासह!"

चौथ्या फेरीत तो तसाच वाजत गाजत अठ्ठेचाळीस एक्केचाळीसवर आला. त्याच्या आयुष्यातली सर्वांत कमी वेळ. मात्र त्याला उतरता येईना. पट्टा इतका आवळला होता की बटण दाबायला हात पोचत नव्हता. आर्डिथने येऊन दार उघडले, बाहेरून सीट मागे ढकलली आणि त्याला मोकळे केले.

"छान चालवलीस," ती म्हणाली. "पण मी तुला हरवणार."

"बघू."

"बघच."

दुपारी ऑर्व्हिल विमाने ठेवायच्या जुन्या हँगरजवळच्या वळणावर उभा राहिला. गळ्यात वॉकी-टॉकी, डोक्यावर गवती हॅट. सर्वांत अवघड वळण तेच होते, आणि तिथल्या दहा शंकूंचा निवाडा त्याच्याकडे होता. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर खडूचा चौकोन काढलेला असतो. शंकू पडला किंवा पूर्ण चौकोनाबाहेर गेला तर दंड. उभा असून रेघेला जराही टेकला असेल तर माफ. क्लबात यावरून जितकी भांडणे झाली तितकी कशावरूनच झाली नव्हती.

आर्डिथची पहिली फेरी एकोणपन्नास. मग अठ्ठेचाळीस सत्तर. मग अठ्ठेचाळीस पन्नास. ऑर्व्हिलच्या पायांखालची जमीन फेरीगणिक थोडी थोडी सरकत होती. एक फेरी उरली होती, आणि निळा शर्ट अजून त्याचाच होता.

चौथ्या फेरीत ती हँगरच्या वळणावर आली तेव्हा त्याने पाहिले, तिचे खांदे सीटमध्ये रोवल्यासारखे होते, फक्त हात फिरत होते. इतके शांत हात त्याने फक्त पीठ मळताना पाहिले होते. गाडीची मागची बाजू किंचित सुटली, आतल्या शंकूला ठप्पकन लागली आणि पुढे निघून गेली. शंकू झुकला, स्वतःभोवती गिरकी घेतली, डुलला आणि उभा राहिला.

"अठ्ठेचाळीस सत्तावीस!" वॉकी-टॉकी खरखरली. "ऑर्व्हिल, तुझ्या तिथे काही लागलं का? मला आवाज आल्यासारखा वाटला."

ऑर्व्हिल धावत गेला आणि गुडघ्यांवर बसला. शंकू जवळजवळ सगळा बाहेर होता. दुरून पाहणाऱ्या कोणीही बाहेर म्हटले असते. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, गाल काँक्रीटला टेकवला आणि एक डोळा मिटला.

"ऑर्व्हिल? पुढची गाडी थांबलीय."

"थांबू दे."

"बाहेर आहे का आत? एक शब्द सांग."

दोन सेकंद. एका शब्दाचे दोन सेकंद. त्याच्या मागे कोणी उभे नव्हते. शंकूच्या तळाचा एक कोपरा मात्र रेघेवर होता. शिवणीच्या धाग्याएवढा, त्याहून जास्त नाही.

"आत," ऑर्व्हिल म्हणाला.

"नक्की?"

"खडूची रेघ आहे, व्हर्लिन. मला वाचता येते."

त्याने शंकू उचलून चौकोनात नीट ठेवला, हॅट झटकली आणि पुढच्या गाडीला हात केला.

संध्याकाळी चारच्या सुमारास सामान आवरताना आर्डिथने डबा उघडला. सकाळचे दोन बीरॉक उरले होते, कोबी आणि खिमा भरलेले तिचे नेहमीचे पाव. तिने दोन्ही त्याच्यापुढे केले.

"शंकू मला लागला होता," ती म्हणाली. "मला कळलं."

"लागला. पण आत राहिला."

"कितीने?"

"धाग्याने."

"जाड की बारीक?"

"रेशमी."

तिने डब्याचे झाकण लावले. मग म्हणाली, "मी असते ना तर चष्मा न काढताच बाहेर म्हणाले असते."

"नसतीस म्हणाली."

"नसते," तिने कबूल केले. "पण विचार केला असता. तू केलास?"

"अर्धा पाव खाऊन होईल एवढा वेळ."

मग ऑर्व्हिलने अशी एक गोष्ट केली जी लग्नाच्या त्रेचाळीस वर्षांत केली नव्हती. खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "क्लबाची चालक तू आहेस. तूच चालव." आणि तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत उजवीकडच्या, म्हणजे चालकाशेजारच्या, सीटवर बसला.

विमानतळाच्या फाटकाबाहेर धान्याच्या कोठाराला वळसा घालणारा रस्ता आहे. आर्डिथने तो वळसा अजून शर्यतीतच असल्यासारखा घेतला. ऑर्व्हिलने सवयीने दाराचे हँडल पकडले, डोळे मिटले आणि आदळायची वाट पाहिली.

काही झाले नाही.

"आर्डिथ," तो म्हणाला. "पुन्हा घे."

"काय?"

"ते वळण. मागे फिर आणि पुन्हा घे."

तिने घेतले. ऑर्व्हिलने हँडल सोडले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. कडेचे लोड त्याच्या बरगड्यांना अलगद टेकले आणि तिथेच राहिले.

"अजून एकदा. जोरात."

तिसऱ्या फेरीला कोठारावरचा पहारेकरी बाहेर येऊन बघू लागला, तेव्हा ते घरी गेले.

उन्हे होती तोवरच ऑर्व्हिलने अंगणात पाना आणून दोन्ही सीटांचे चार-चार बोल्ट काढले आणि त्या गवतावर उलट्या ठेवल्या. उजवीकडच्या सीटच्या तळाला आर्डिथच्या गोल अक्षरात खडूने लिहिले होते, 'ऑर्वी'. डावीकडच्या तळाला त्याच्याच हातचे, 'आर्डिथ'.

दोघे बराच वेळ त्या दोन नावांकडे बघत उभे राहिले.

"माप चुकलं नव्हतं," ऑर्व्हिल हळूच म्हणाला.

"मुळीच नाही. फक्त दोन वर्षं मला तुझ्यात आणि तुला माझ्यात कोंबलं होतंस. मी सांगत होते, काखेत चावते म्हणून!"

"मी म्हणालो, सैलावेल."

"सैलावली का?"

"माझं काम सैलावत नाही," तो म्हणाला आणि 'ऑर्वी' लिहिलेली सीट उचलून चालकाच्या बाजूकडे निघाला.

"ए! कुठे नेतोस ती?"

"बदलतो. दहा मिनिटांचं काम."

"खाली ठेव." आर्डिथ दारासमोर उभी राहिली, आणि ती उभी राहिली की दार दिसत नसे. "ऑक्टोबरातला सामना होईपर्यंत माझ्या सीटला हात लावायचा नाही. होती तशी बसव. आणि क्रीमचा डबा तिच्या जवळपासही दिसता कामा नये."

ऑर्व्हिलने तिच्याकडे पाहिले, सीटकडे पाहिले आणि सीट जिथली तिथे बसवली.

शनिवारी मिसेस युंट्झने कुंपणावरून पाहिले, तो नेहमीप्रमाणे गाडी धूत होता. नंतर क्रीम घेऊन त्याने सीट चोळायला घेतली. एकच, उजवीकडची. ती चकाकेपर्यंत चोळली, हात पुसले, आत बसून दार लावून घेतले आणि बंद गाडीत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकून पाहिले. तो तसूभरही सरकला नाही.