माफी मागायची होती ती अण्णांची

त्या दुपारी मी देवळात गेले खरी, पण देवाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. देव आहे की नाही हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्यासारखीचं तो ऐकून घेईल का, एवढीच शंका होती. कारण अर्ध्या तासापूर्वी मी माझ्या सासऱ्यांच्या थोबाडीत मारली होती.

अण्णांना अर्धांगवायू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. रोह्याच्या आमच्या घरात माणसं तीनच, आणि हे कंपनीत शिफ्टला. त्यामुळे अण्णांना पुसणं, कूस बदलणं, भरवणं सगळं माझ्याकडे. मी ते आनंदाने करते असं सगळे म्हणायचे आणि मीही तसंच सांगायचे. राग मला लहानपणापासूनच. माहेरी पेणला त्याचं हसू व्हायचं, सासरी तो भांड्यांवर निघायचा. एखादं पातेलं आपटलं की क्षणभर बरं वाटे, मग दिवसभर स्वतःची लाज. गेल्या वर्षभरात मात्र दुधाची पिशवी फाटली तरी माझा आवाज चढायचा. धड झोप नव्हती, पण तसं कुणाला बोललेही नव्हते. त्या दिवशी अण्णांनी पेजेचा घास तिसऱ्यांदा थुंकला. माझा हात उठला तो मला आवाज झाल्यावरच कळला. अण्णांनी डावा हात चेहऱ्यावर आडवा धरला होता. आणखी एक बसेल असं त्यांना वाटत होतं.

शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवून मी ग्रामदैवताच्या देवळाकडे चालत सुटले. गाभाऱ्यासमोर डोकं टेकलं आणि तशीच राहिले. बाजूला एक म्हातारी बाई समईशी खटपट करत होती. हात थरथरत होते, काडी विझत होती. तिने मला हाक मारली, "गो बाय, तेवढी वात लाव." मी काडी ओढली, तर माझाच हात तिच्याहून जास्त कापत होता. तिने माझं मनगट धरलं. "थांब. हात थिर होऊ दे, मंग लाव."

कुणी इतक्या सावकाश बोललं की आतलं सगळं बाहेर येतं. मी तिला सांगून टाकलं, मारलं म्हणून. ती दचकली नाही, जवळही सरकली नाही. पेणच्या खाडीकडची, मिठागरात राबलेली बाई होती. म्हणाली, तरुणपणी तिने फावडं फेकून नवऱ्याचा पाय फोडला होता. "राग पहिला माझ्या कानात यायचा. कान तापायचे. ते कळाया लागलं, मंग फावडं ठेवून बांधाच्या पलीकडं जायची. तुझा कुठं येतो?" मी विचार केला. दातात. मारण्याआधी माझे दात आवळले होते, अगदी दुखेपर्यंत. म्हणजे तेवढा वेळ मला मिळालेला होता. मी तो वापरला नव्हता.

"मी देवाची माफी मागायला आले," मी म्हटलं.

"देवाला मारलंस काय? नाय ना? मंग ज्याला मारलंस त्याच्याकडं जा. आनि घरात सांग. लपवलंस तर परत मारशील."

वात लागली. मी डोळे मिटून हात जोडले, उघडले तेव्हा ती पायऱ्या उतरत होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर मी पुजाऱ्यांना विचारलं, त्यांना अशी कुणी आठवली नाही. त्यावर मी काही बोलत नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी चहा दिला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "अहो, मी आज अण्णांना मारलं." ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील. पण ते म्हणाले, "मला घरी यायला नको वाटतं, म्हणून मी जादा शिफ्ट घेतो. तुला एकटीला टाकलं मी." मग आवाज कडक करून म्हणाले, "पण अण्णांवर परत हात नाय." तेही मला हवंच होतं. दुसऱ्याच आठवड्यात ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे झोपेबद्दल विचारलं गेलं, समुपदेशनाला जायचं ठरलं. रोजचं एक वेळचं भरवणं ह्यांनी घेतलं.

अण्णांची माफी मी त्यांच्या पायाशी बसून मागितली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कित्येक दिवस मी उशी सारखी करायला हात नेला तरी त्यांचे डोळे गच्च मिटायचे. ते बघणं हीच माझी शिक्षा होती आणि ती योग्य होती.

राग गेला का, असं मला विचाराल तर नाही. मागच्याच महिन्यात अण्णांनी पुन्हा घास थुंकला. माझे दात आवळले गेले. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "अण्णा, मला राग आलाय. मी जरा मागच्या दारी जाऊन येते." बाहेर उभी राहून मी देवाचं नाव घेतलं. माझा राग काढून घे, असं पूर्वी म्हणायचे. त्या दिवशी म्हटलं, मला एकटीला आवरत नाही, तू सोबत राहा. श्वास जागेवर आला तशी आत आले. अण्णा दाराकडेच बघत होते. मी जवळ बसले आणि घास कालवायच्या आधीच त्यांनी आपणहून तोंड उघडलं.