हलव्याच्या भांड्यावरचा माणूस

इंग्लंडमध्ये श्रूजबरीला आल्यापासून मला जुन्या वस्तूंचं वेड लागलंय. नवरा म्हणतो, "आपलं जुनं भंगारात घातलंस आणि आता लोकांचं विकत आणतेस." त्याला काय कळतंय! यंदा संक्रांतीच्या आधी एका दुकानात मला चिनी मातीचं साखरेचं भांडं मिळालं. त्यावर एक काळा माणूस, गुडघ्यावर बसलेला, हातापायांत साखळ्या, जोडलेले हात वर केलेले. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून झटणाऱ्यांनी असली भांडी काढली होती, असं दुकानदार म्हणाला. म्हटलं, वा! दिसायला सुंदर आणि वर विचारही चांगला. लगेच घेतलं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "अगंबाई, किती भक्तिभावाने बसलाय गं हा!" साखळ्या त्यांना दागिने वाटल्या. मी हसले. समजावून सांगायचा कंटाळा केला, झालं. त्यांनी त्या माणसाच्या कपाळी कुंकू टेकवलं, भांड्यात काटेरी हलवा भरला आणि ते हॉलमध्ये मधोमध मांडलं.

हळदीकुंकवाला समोरची शेजारीण आली. ती काळी, जन्माने इथलीच, पेशाने डेंटिस्ट. माझ्या पहिल्या हिवाळ्यात नवरा टूरवर असताना बाळाला ताप चढला, तेव्हा बर्फात गाडी काढणारी तीच. या देशात माझं हक्काचं माणूस म्हणजे ती. मी भांडं पुढे केलं. "तिळगूळ घ्या, गोड बोला" तिला पाठ आहे. ती म्हणायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली. कुंकू लावलेल्या त्या माणसाकडे बघत राहिली.

"अगं, हे गुलामगिरीविरुद्धचं आहे," मी घाईघाईने म्हटलं. "चांगल्या लोकांनी काढलेलं."

"माहितीये मला," ती म्हणाली. "आमची बाजू घेणाऱ्यांनीही आम्हाला गुडघ्यावरच बसवलं. आमच्यातले जे पळाले, लढले, ते कुणाला आपल्या टेबलावर नको होते." मग शांतपणे विचारलं, "हा उभा असता, तुझ्याकडे रोखून बघत असता, तर आणला असतास?"

"आणला असता की!"

धडधडीत खोटं. तसा माणूस दिसला असता तर मी नजर चुकवून पुढे गेले असते. मला तो आवडला, कारण तो माझ्यापुढे हात जोडत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिने मान हलवली, मुलांच्या थापांना आपण हलवतो तशी. हलवा न घेताच कोट चढवला आणि गेली.

दार लागल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गं म्हणत होती ती? इंग्रजी फार भरभर बोलते."

"भांडं आवडलं तिला," मी म्हटलं.

"मग देऊन टाकायचंस की वाण म्हणून! रस्त्यातच असेल अजून. थांब, मीच देऊन येते." हलवा ताटात ओतून, भांडं घेऊन त्या दाराकडे निघाल्यासुद्धा.

मी ते त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. दुखावून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तरी खरं काय ते मी त्यांनाही सांगितलं नाही.