चिमीला आज माझ्यापेक्षा सासूबाई जवळच्या वाटल्या

मैत्रिणींनो, आज मी चक्क सासूबाईंवर जळले.

आमच्या चिमीचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. या कुत्रीला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय. आज टँकरचं पाणी भरून घरात आले, तर ती पलंगाखाली जुना मोजा पोटाशी धरून बसलेली. मी मोजा ओढला, तर माझ्यावरच गुरगुरली.

घाबरून रेणापूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ऑपरेशननंतर हार्मोन एकदम बदलतात. काही कुत्र्यांना आपल्याला पिल्लं झाल्यासारखं वाटतं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरेल. तिच्या वस्तू हिसकावू नका."

फोन ठेवून वळले, तर घरात कुत्रं नको म्हणणाऱ्या सासूबाई खाली फरशीवर बसलेल्या. चिमीचं डोकं त्यांच्या मांडीवर.

"तिला ते लेकरू वाटायलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू वढलीस. मी नुसती बसले."

मला लई लागलं. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच.

संध्याकाळी चिमी त्यांच्याच हातून जेवली. मी दारात बसून बघत होते. तुमची कुत्री अशी रुसली होती का? परत कधी जवळ आली?