उत्तेजनार्थ

दत्ताराम परबचं अक्षर म्हणजे मोती. गिरणी बंद पडल्यावर तो घाटकोपरच्या एका कारखान्यात वॉचमन झाला, तरी चाळीचा फळा आणि गावी जाणाऱ्या मनीऑर्डरींचे फॉर्म त्याच्याकडेच राहिले. फावल्या वेळात गोष्टी लिहायचा. छापत मात्र कुणी नव्हतं. शहाऐंशी साली एका मासिकाने कथास्पर्धा काढली, प्रवेशशुल्क पंचवीस रुपये. त्याने भरले. महिन्याभरात पत्र आलं, ‘आपणांस उत्तेजनार्थ पारितोषिक.’ चाळभर पेढे वाटले गेले. पोरांनी फळ्यावर वेड्यावाकड्या अक्षरात त्याचं अभिनंदन लिहिलं, आणि तेवढा कोपरा तो कुणाला पुसू देईना.

समारंभाला तो मुलुंडच्या हॉलवर एकटाच गेला. बघतो तर एकशे बारा माणसं, सगळी उत्तेजनार्थ! शुल्क भरलं की बक्षीस. गोष्टी कोणी उघडल्या असतील तर देवाला ठाऊक. प्रशस्तिपत्रांवर नावाची जागा कोरी. "आपापली नावं घालून घ्या," आयोजक म्हणाले. दत्तारामचं अक्षर बघून लोकांनी त्याच्यापुढे रांग लावली, आणि या शहाण्याने चाळीसेक जणांची नावं घालून दिली. स्वतःचं घालताना मात्र त्याची मान वर होईना.

चाळीत विचारलं तर म्हणाला, "झकास झालं."

आठवड्याने शेजारची मालन आली. ती खानावळ चालवायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. "भावजीनू, आमच्या नीलाची गोष्ट पण पुढच्या स्पर्धेक धाडूया. तुमी फारम भरा."

नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. तेवढी हिंमत कुठली! त्याने गोष्ट ट्रंकेत दडवली आणि मालनने दिलेल्या पंचवीस रुपयांची मनीऑर्डर तिच्याच गावी, तिच्या आईच्या नावे पाठवली. पैसे निदान घरातच राहतील, एवढीच त्याची अक्कल चालली.

पण मनीऑर्डरची पोच परत येते, हे हजार फॉर्म भरणारा माणूस विसरला. पोच मालनच्या घरी आली, नीलाने वाचली. मालन ती घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. "माझ्या आवशीचो आंगठो हयसर कसो?"

मागून नीला रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, मी तुमच्यापुढे गेले असते म्हणून?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली फळ्यापाशी गेला, तळहाताने स्वतःचं अभिनंदन पुसलं आणि त्याच सुंदर अक्षरात लिहिलं, ‘उत्तेजनार्थ एकशे बारा. ज्याने पैसे भरले त्या प्रत्येकाला. मी खोटं बोललो. द. परब.’

मालनने विचारलं, "काय लिवलानी?"

नीलाने आईला ते मोठ्याने वाचून दाखवलं. तीनही मजल्यांवर ऐकू गेलं.